धोंडिबा परत येतो

धोंडिबा मरत नाही, हे भिमाजीला जावयाकडून कळलं, तेही मटणाचा रस्सा वाढून घेताना.

"नाही हो आबा, नव्यात मरत नाही तो," प्रदीप म्हणाला. "बोगदा पडतो, सगळे रडतात, म्युझिक वगैरे होतं. मग नावं यायला लागतात आणि लोक उठून जातात. पण आपण बसून राहायचं. सगळी नावं संपली की ढिगाऱ्यातून हात बाहेर येतो. पार्ट टू काढायचाय ना त्यांना."

भिमाजीने तोंडाकडे नेलेला घास परत ताटात ठेवला.

"हात कुनाचा?"

"हिरोचा."

"धोंडिबाचा?"

प्रदीपने बायकोकडे बघितलं. कोमलने मान हलवली. धोंडिबा कोण, हे या घरात लग्न करून आलेल्या माणसाला पहिल्या दिवाळीतच कळत असे. हॉलिवूडच्या त्या जुन्या मारामारीच्या चित्रपटातल्या नायकाचं खरं नाव काय होतं, ते अमेरिकेत कुणाला तरी माहीत असेल. बेगडेवाडी स्टेशनापासून पुढे आत गेलेल्या या वस्तीत तो धोंडिबाच होता, आणि तो बोगद्यात मेला होता. दरवर्षी मरत होता. आता कंपनीने तोच चित्रपट नव्याने काढला होता, हिंदीतून बोलता केला होता, तळेगावात लावला होता, आणि त्यात त्याला जिवंत ठेवला होता.

"मेलेला मानूस हात काडतो म्हंजी काय," भिमाजी म्हणाला. "मग मेलाच कशाला पयल्यांदा?"

ओट्याशी भाकरी थापणारी हिरा थांबली. तिने गॅस चाचपून बंद केला आणि आवाजाच्या दिशेने तोंड वळवलं.

"कोन परत येतो?" तिने विचारलं.

---

लोणावळ्याच्या बाजारात एक थिएटर होतं. आता तिथे खाली चिक्कीची दुकानं आहेत आणि वर लॉजिंग. भिमाजी त्या थिएटरात दारावर होता. तिकीट फाडायचं, अर्धं परत द्यायचं, बॅटरीने खुर्ची दाखवायची, आणि मग दाराला पाठ लावून पिक्चर बघायचा, असं त्याच्या नोकरीचं स्वरूप होतं. इंग्रजी चित्रपट मॅटिनीला लागायचे आणि शुक्रवारी बदलायचे. हा बदलला नाही. पेंटरने बोर्डावर मूळ नाव लिहिण्याच्या भानगडीत न पडता नुसतं 'बोगदा' असं लिहिलं आणि लोणावळा-खंडाळ्याची निम्मी रेल्वे बघायला आली. घाटातल्या रुळांवर जन्म गेलेल्या गँगमनना बोगदा हा घरचा विषय वाटे. अमेरिकेचा बोगदा असा एका बाजूने पडणारच नाही, अशी हरकत ते मध्यंतरात घेत आणि खात्री करायला दुसऱ्या दिवशी पुन्हा येत.

गोष्ट साधी होती. एक ट्रक ड्रायव्हर असतो. दरोडेखोर बोगद्यात सुरुंग लावतात. आत शाळेच्या पोरांची बस अडकते. बाहेर पडायला एकच लोखंडी दार, तेही अर्धं खाली आलेलं. ड्रायव्हर त्याच्याखाली जॅक लावतो. जॅक घसरतो, म्हणून दांडा कुणीतरी धरून ठेवावा लागतो. तो धरतो. पोरं एकेक करून खालून सरपटत बाहेर जातात. शेवटचं पोर गेल्यावर दांडा सोडला तर दार पडणार, आणि न सोडला तर बोगदा. तो वायरलेसवर दोन शब्द बोलतो. बोगदा पडतो. समाप्त.

व्हिडिओचे दिवस आले तेव्हा वस्तीत जयंतीला समाजमंदिरापुढे टीव्ही आणि व्हीसीआर भाड्याने यायचा. एक हिंदी पिक्चर आणि एक इंग्रजी. इंग्रजी म्हणजे 'बोगदा'च. टीव्हीच्या बाजूला स्टूल टाकून भिमाजी बसायचा आणि सांगायचा. त्याला इंग्रजी येत नव्हतं, त्यामुळे सांगायला फार अडचण आली नाही. जॉन-बिन नावाच्या माणसासाठी वस्ती जीव टाकणार नाही हे ओळखून त्याने त्याचं धोंडिबा केलं. धोंडिबा खिशातून एका सोनेरी केसांच्या बाईचा फोटो काढून बघतो, ती त्याची बहीण ठरली, आणि तिचं लग्न राहिलंय हे दुःख त्याला आयतंच मिळालं. एका ठिकाणी तो इंजिन बंद करून ट्रकमध्ये नुसता सिगारेट ओढत बसतो. छतातून पाणी ठिबकत असतं, बाकी काही नाही. त्या जागेत भिमाजीने त्याची आई बसवली. गावाकडची. भाताची दोन खाचरं, आणि आवणीला, म्हणजे रोपं लावायला, पोरगा येईल म्हणून वाट बघणारी.

आणि शेवटी वायरलेसवर तो जे बोलायचा ते असं:

"समदी भाईर काडलीत. आईला सांगा, आवणीला माजी वाट बघू नको."

पडद्यावरचे ओठ केव्हाच मिटलेले असत आणि वाक्य अजून चाललेलं असे. कुणाची तक्रार नव्हती. बायका पदर डोळ्यांना लावत. नव्यानेच नांदायला आलेल्या हिराने मात्र पहिल्या वर्षी घरी जाताना विचारलं होतं, की आईला सांगा म्हणतो, पण सांगायला जातं कोण? भिमाजी म्हणाला, ते पिक्चरमध्ये नाही.

---

अमृत त्यांचा थोरला. बाजेखाली शिरून त्याचा बोगदा करायचा आणि लहानग्या कोमलला ओढून बाहेर काढायचं, हा त्याचा खेळ. ती बाहेर यायला तयार नसायची, कारण बाहेर आल्यावर पुन्हा आत जायचं असे. मोठा झाल्यावर तो द्रुतगती मार्गावर क्रेनवर लागला. घाटात बंद पडलेल्या, आपटलेल्या, कलंडलेल्या गाड्या ओढून बाजूला घ्यायच्या. पावसाळ्यात काम भरपूर असे.

अशाच एका जुलैत, सकाळच्या दाट धुक्यात, बोगद्याच्या तोंडाशी एक बस आपटून आडवी थांबली होती. अमृतने आणि त्याच्या जोडीदाराने माणसं उतरवून कठड्यापलीकडे उभी केली. मग मागून येणाऱ्यांना बस दिसणार नाही, हे त्याच्या लक्षात आलं. लाल फडकं घेऊन तो धुक्यात उलटा चालत गेला. बऱ्याच गाड्या थांबल्या. एका ट्रकला थांबता आलं नाही.

बसमधलं कुणीही दगावलं नाही. अमृतच्या पुण्यानुमोदनाला त्यातली एक बाई तिच्या मुलाला घेऊन आली होती. ती काही बोलली नाही, नुसती बसून राहिली. बाकी वस्ती बोलली. धोंडिबावानी गेला, असं आधी कुणीतरी म्हणालं आणि मग जो येईल तो तेच म्हणायला लागला. भिमाजीने ते वाक्य घट्ट धरलं. त्याला धरायला दुसरं काही नव्हतं. घरात अमृतचा फोटो लागला, त्याला हार पडला, आणि कुणी नवीन माणूस आलं की भिमाजी ती सकाळ सांगायचा. तिथे तो स्वतः हजर नव्हता, पण ती काही अडचण नव्हती. सांगताना त्याचा आवाज समाजमंदिरापुढचा होई. सगळी बाहेर काढली त्याने, सगळी.

हिराने ते वाक्य कधी उच्चारलं नाही. त्या दिवसांत आवणी चालली होती. तेव्हापासून तिने खाचरात पाय ठेवला नाही. रोपं दुसऱ्या बायका लावायच्या, ती घरात बसून राहायची. पुढे साखरेने तिचे डोळे घेतले. आता उजेड-अंधार कळायचा आणि जवळ आलेलं माणूस सावलीसारखं दिसायचं. डॉक्टरांनी आता एवढ्यावरच समाधान मानायला सांगितलं होतं.

---

कोमल आणि प्रदीप तळेगावला गेल्यावर हिराने सरळ सांगितलं, की तिला तो नवा पिक्चर बघायचाय.

बघणार कशानं, असं भिमाजीच्या तोंडावर आलं होतं. ते गिळून त्याने पिक्चरवर टीका सुरू केली. प्रदीपच्या मोबाइलवर त्याने जाहिरात पाहिली होती. नवा हिरो व्यायामशाळेतून थेट आल्यासारखा, ट्रक ड्रायव्हर म्हणावं तर हाताला ग्रीसचा डाग नाही. माणूस मारला की विनोद करतो. जुन्या वेळी बोगदा खरा पाडला होता, एकदाच पाडला होता, म्हणून लक्षात राहिला. ह्यांचा कॉम्प्युटरमधला, जाहिरातीतच दोनदा पडला. दुसऱ्याचं ताट उष्टं करायचं आणि वर त्याला नवीन म्हणायचं, ह्यांना स्वतःचं काही सुचत नाही का? एवढा मोठा देश आहे.

हिरा ऐकत होती. तिने ज्वारीचं पीठ डब्यात भरलं आणि झाकण लावलं.

"तुमचा मरतो," ती म्हणाली. "ह्यांचा परत येतो. मला ह्यांचा ऐकायचाय."

"अगं, ते खोटं हाये. पैशासाटी परत आनलाय त्याला. भाग दोन काडायला."

"आना की. कशासाटी का आनंना."

"हिरे, तो परत आला तर मग त्या मरन्याला काय राह्यलं? पोरं भाईर काडली, दांडा धरला, त्याचं काय?"

हिराने डबा चाचपत फळीवर ठेवला. मग अगदी साध्या आवाजात, जणू मीठ मागावं तसं म्हणाली, "एवडी वरसं तुमी सांगितलं आन् मी ऐकलं. अमृतनं बी ऐकलं. एक डाव मला परत येनारा सांगा."

भिमाजी उठून अंगणात गेला. समोरच्या त्यांच्या खाचरात शेजारची चिमाबाई आणि तिच्या सुना वाकून रोपं लावत होत्या. निम्मं झालं होतं. तो तिथे उभा राहून बघत राहिला आणि मग आत येऊन म्हणाला, की कोमलला फोन कर.

---

प्रदीपने दोघांना दुपारच्या खेळाला गाडीने थेट दारापर्यंत सोडलं. कोमलची ड्युटी होती. तिने फोनवर आबांना बजावलं होतं, की तिथे मोठ्याने सांगायचं नसतं, लोक चिडतात. दारावर एक मुलगी होती. तिने प्रदीपचा मोबाइल यंत्राला दाखवला, यंत्र वाजलं आणि काम झालं. काही फाडलं नाही, अर्धं परत दिलं नाही. भिमाजीने हात पुढे केला होता, तो त्याने तसाच मागे घेतला.

आत थंडगार होतं. माणसं तुरळक, बहुतेक कॉलेजातली. हिरा दोन्ही हातांनी खुर्ची धरून बसली. दिवे गेले तेव्हा ती म्हणाली, "झाला अंधार."

भिमाजीने सांगायला सुरुवात केली आणि त्याच्या लक्षात आलं, की सांगता येत नाही. ट्रक आला म्हणेपर्यंत ट्रक उडाला होता. उडालेला ट्रक कुणाचा हे बघेपर्यंत दोघंजण छतावरून पळत होते. त्यातला एक पडला.

"कोन पडला?" हिराने विचारलं.

"कळलं न्हाई."

"धोंडिबा कुटंय?"

"होता की आत्ता. थांब."

पण पिक्चर थांबत नव्हता. कुणी बसत नव्हतं, कुणी सिगारेट ओढत नव्हतं, कुठे पाणी ठिबकत नव्हतं. आई बसवावी एवढी जागा त्यांनी कुठे सोडलीच नव्हती. बसमधली पोरं घाबरलेली नव्हती. एकाने तर आपल्या कॉम्प्युटरवरून दरोडेखोरांना हैराण केलं. बोगदा अधूनमधून पडत होता आणि त्याचं कुणाला काही वाटत नव्हतं.

मागच्या रांगेतून एक पोरगा अदबीने म्हणाला, "काका, जरा हळू."

भिमाजी गप्प झाला. मग तो वाकला आणि हिराच्या कानाशी तोंड नेलं. तिच्या केसांना खोबरेल तेलाचा वास येत होता. इतक्या जवळून तिच्याशी बोलल्याला किती वर्षं झाली हे त्याला आठवेना. त्या अंतरावरून सांगताना त्याचा समाजमंदिरापुढचा आवाज आपोआप गेला. राहिला तो नुसता म्हाताऱ्या माणसाचा श्वास, आणि मध्ये मध्ये शब्द. जे कळत नव्हतं ते त्याने सोडून दिलं. दार आलं खाली, असं तो म्हणाला. जॅक लावला. धरला दांडा.

"पोरं?"

"जात्यात. एकेक करून."

हिराने त्याचं मनगट धरलं. पडद्यावर हिरो हसला आणि वायरलेसवर हिंदीतून काहीतरी चटपटीत बोलला. पुढची कॉलेजातली मुलं खिदळली.

"म्हनला का ते?" हिराने विचारलं. "आवणीचं?"

"न्हाई. दुसरंच कायतरी म्हनला."

"बरं झालं," हिरा म्हणाली.

बोगदा पडला. तो खूप वेळ पडत राहिला, सगळ्या बाजूंनी. भिमाजीने मान खाली घातली होती. मग गाणं लागलं आणि काळ्या पडद्यावर नावं वर सरकायला लागली. मुलं उठली, फोन पेटले, पायांखाली लाह्या चुरडल्या. थोड्याच वेळात दोघंच उरली.

"आता नावं चाललीत," भिमाजीने सांगितलं. "ती झाली की."

"लय मानसं लागली व्हय करायला?"

"लय."

नावं सरत नव्हती. एवढी माणसं कामाला लावून एका ट्रक ड्रायव्हरला धड मारता आलं नाही, असं त्याच्या मनात आलं.  हिराने मनगट सोडलं नव्हतं. तिची बोटं थंड पडली होती.

आणि मग नावं मधेच थांबली. पडदा क्षणभर रिकामा झाला, छतातले दिवे लागले, आणि पडद्यावर कुठल्यातरी नव्या सोसायटीची जाहिरात सुरू झाली. हिरवळ, कारंजं, आणि त्यातून पळत येणारी एक मुलगी. बाजूच्या दारातून निळ्या कपड्यांतली एक बाई झाडू आणि मॉप घेऊन आत आली.

भिमाजी उठून अर्धा उभा राहिला. पिक्चरचं शेपूट कापलं होतं. पुढच्या खेळाची घाई असेल, नाहीतर कुणी थांबतच नाही म्हणून असेल. हात बाहेर आलाच नव्हता. या खेळापुरता तरी धोंडिबा आत होता, जिथे असायला हवा तिथे. भिमाजीला हवं होतं तेच झालं होतं, आणि त्याच्या एका शब्दाचा खोटेपणा त्यात नव्हता. नुसतं म्हणायचं होतं, की न्हाई आला.

"आला का?" हिराने विचारलं.

साफसफाईची बाई त्यांच्याकडे बघत होती. संपलाय हे सांगायला तिने तोंड उघडलं. भिमाजीने तिच्याकडे बघून हात जोडले. ती तशीच थांबली.

तो खाली बसला. पुन्हा हिराच्या कानाशी वाकला.

"माती हालतीय," तो म्हणाला.

हिरा खुर्चीत पुढे सरकली.

"हात आला. दुसरा बी आला. उटतोय. आता बसला जरा. खोकतोय. धूळ गेलीय तोंडात."

"लागलंय का त्याला?"

"गुडघ्याला. जास्त न्हाई."

"डोक्याला?"

"न्हाई, डोक्याला कायबी न्हाई. केस तेवडे पांढरे झाल्यात धुळीनं. झटकतोय आता. उटला. चालायला लागला."

"कुनीकडं?"

भिमाजीने पडद्याकडे बघितलं. तिथे एक नवराबायको बाल्कनीत चहा पीत होती.

"हिकडंच," तो म्हणाला.

"कायतरी बोलत आसंल."

हे भिमाजीला अवघड गेलं. पाणी ठिबकायला जागा सोडणाऱ्या जुन्या पिक्चरमध्ये शब्द आपोआप सुचत. इथे त्याला थांबावं लागलं. 

"इचारतोय," तो म्हणाला. "आवणी झाली का, इचारतोय."

 हिराने त्याचं मनगट सोडलं आणि पदर मांडीवर सारखा केला.

"निम्मी राह्यलीय म्हनावं," ती म्हणाली. "मी यीन उद्या लावायला."

भिमाजीने मान हलवली. ती तिला दिसणार नाही, हे लक्षात येऊन तो बोलायला वळला, तेव्हा त्याने तिचा चेहरा नीट पाहिला. वरच्या दिव्यांचा सगळा उजेड, तिलाही कळेल एवढा, तिच्यावर पडला होता. तिने डोळे घट्ट मिटून घेतले होते.

साफसफाईची बाई सगळ्या रांगा करून शेवटी त्यांच्या रांगेत आली. पाय वर घ्या, असं हलक्या आवाजात म्हणाली. दोघांनी पाय वर घेतले. तिने खालून मॉप फिरवला, आणि फरशी वाळेपर्यंत दोघं तशीच बसून राहिली, पाय उचलून.